माल पोहोचला, कागद अडला

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात, कोकणातील आंब्याचा हंगाम ऐन भरात असताना एक बातमी आली आणि दोन दिवसांत विरूनही गेली. ८ आणि ९ मे रोजी नवी मुंबईत विकिरण प्रक्रिया झालेला आंबा विमानाने अमेरिकेस रवाना झाला होता. त्यातील पंधरा खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा येथील विमानतळांवर अडवण्यात आल्या. फळ नासलेले होते म्हणून नव्हे, त्यात कीड आढळली म्हणूनही नव्हे. आक्षेप होता तो प्रक्रियेसोबत द्यावयाच्या ‘पीपीक्यू २०३’ या नमुन्यातील प्रमाणपत्रावर. ते चुकीच्या पद्धतीने दिले गेले आहे, असे अमेरिकी अधिकाऱ्यांनी कळवले आणि निर्यातदारांपुढे दोनच मार्ग ठेवले. माल परत न्या, किंवा येथेच नष्ट करा. नाशवंत फळ पुन्हा विमानात घालून आणण्याचा खर्च फळाच्या मोलाहून मोठा. त्यामुळे रायवळ नव्हे, निवडून पारखलेला निर्यातीचा आंबा परक्या भूमीवर नष्ट करण्यात आला. नुकसान पाच लाख डॉलरच्या घरात गेले, असा निर्यातदारांचा अंदाज होता.

विकिरण रीतसर झाले होते, चूक कागदाची होती आणि ती आमची नव्हती, असे या निर्यातदारांचे म्हणणे होते. ते खरे मानले तरी या घटनेची बोच कमी होत नाही, उलट वाढते. कागदावरील दोष कोणाचाही असो, माल त्यांचा होता, भाडे त्यांनी भरले होते आणि तोटाही त्यांनाच सोसावा लागला. परदेशी माल पाठवण्याच्या व्यवहाराचे सारे मर्म या एका प्रसंगात आहे. या व्यवहारात काम दुसऱ्यावर सोपवता येते. परिणाम सोपवता येत नाही.

एकाची चूक, सर्वांना शिक्षा

अमेरिकेचे दार भारतीय आंब्याला १९८९ पासून बंद होते. ते २००७ साली उघडले, आणि तेही कीड निर्जीव करण्यासाठी फळावर किमान ४०० ग्रे मात्रेचे विकिरण करण्याच्या अटीवर. त्या पहिल्या हंगामात लासलगावच्या विकिरण केंद्राचे नाव जगाच्या बाजारात पोहोचले. अठरा वर्षे बंद राहिलेले दार उघडण्यासाठी शास्त्रज्ञ, अधिकारी, बागायतदार अशा अनेकांचे श्रम कारणी लागले. असे दार पुन्हा बंद व्हायला मात्र फार काळ लागत नाही.

युरोपने ते दाखवून दिले आहे. २०१३ मध्ये युरोपात पोहोचलेल्या भारतीय फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी व इतर कीड आढळली. परिणामी १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने आंब्यासह वांगी, अळू, कारली आणि पडवळ यांची भारतातून होणारी आयात थांबवली. ज्याच्या पेटीत अळी होती त्याचाच माल थांबला असे नाही. ज्याने प्रत्येक फळ हातात घेऊन तपासले होते त्या रत्नागिरीच्या बागायतदाराचाही हापूस थांबला. आंब्यावरील बंदी २०१५ च्या प्रारंभी उठली. पण मधला हंगाम कोणी परत दिला नाही.

नाशिकच्या द्राक्षांची कहाणीही अशीच आहे. २००३ साली युरोपात द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश आढळले आणि साऱ्या नाशिक-सांगली पट्ट्याच्या पोटात गोळा उठला. त्यातून धडा घेऊन ‘अपेडा’ने २००६ साली ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था उभी केली. बागेची नोंदणी, प्रयोगशाळेची तपासणी आणि परदेशातल्या दुकानातील खोक्यापासून थेट बागेपर्यंत माग काढता येईल अशी साखळी त्यामुळे निर्माण झाली. तरीही २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट, म्हणजे द्राक्षबागायतदारांच्या बोलीतील लिहोसिन, याचे अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा अधिक निघाले आणि भरलेले कंटेनर परक्या बंदरांत खोळंबले. नियम आपल्याकडे काय आहे यावर निर्यात ठरत नाही. माल उतरतो त्या देशाचा आजचा नियम काय आहे, यावर ती ठरते. बहुतेक चुकांचे मूळ या एका विस्मरणात असते.

तीन अक्षरांत दडलेला तोटा

नवा निर्यातदार मालाच्या दर्जावर जीव टाकतो, खरेदीदाराशी दरावरून चार दिवस घासाघीस करतो आणि सौद्याच्या अटीत मात्र ‘एफओबी’ किंवा ‘सीआयएफ’ ही तीन अक्षरे सवयीने लिहून मोकळा होतो. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने १९३६ पासून या संज्ञांचे अर्थ निश्चित केले आहेत. ‘इन्कोटर्म्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नियमांची सध्याची आवृत्ती २०२० ची असून तीत अशा अकरा संज्ञा आहेत. खर्च कोणी कुठवर करायचा आणि मालाची जोखीम कोणत्या क्षणी विक्रेत्याकडून ग्राहकाकडे जाते, या दोनच प्रश्नांची उत्तरे त्यांत आहेत. परंतु हे दोन प्रश्न एक नव्हेत.

‘सीआयएफ’ सौद्यात विक्रेता परक्या बंदरापर्यंतचे भाडे व विमा भरतो. जोखीम मात्र माल जहाजावर चढताच ग्राहकाकडे जाते. ‘एफओबी’मध्येही जोखीम जहाजावर चढल्यावरच सुटते. मोकळ्या मालाच्या काळात हे योग्य होते. आज कंटेनर भरून उरण-द्रोणागिरीच्या परिसरातील एखाद्या यार्डात सुपूर्द केला जातो आणि जहाज लागेपर्यंत तेथे दिवसच्या दिवस उभा राहतो. त्या अवधीत त्याला काही झाले तर ‘एफओबी’ लिहिणारा विक्रेता अडकतो, कारण माल त्याच्या ताब्यात नसला तरी जोखीम त्याचीच असते. म्हणूनच कंटेनरच्या मालासाठी वाहतूकदाराच्या हाती माल देताच जोखीम संपवणारी ‘एफसीए’ ही संज्ञा वाणिज्य मंडळ सुचवते. आणि ‘डीडीपी’ लिहिणाऱ्याने तर दोनदा विचार करावा. त्या अटीत परदेशातील आयातशुल्कही विक्रेत्याच्याच माथी येते, आणि ते सौदा झाल्यानंतर वाढले तरी तक्रारीला जागा राहत नाही.

बँक माल पाहत नाही

दुसरी चूक कागदांच्या परस्पर विसंगतीची. बीजकावर खोकी ११००, पॅकिंग लिस्टवर १०१०. पतपत्रात ग्राहकाच्या कंपनीचे नाव एक, बिल ऑफ लेडिंगवर दुसरे. घरी हिशेब करताना अशा गोष्टी ‘हस्तदोष’ म्हणून सोडून दिल्या जातात. पतपत्राच्या व्यवहारात तसे होत नाही. २००७ पासून लागू असलेल्या ‘यूसीपी ६००’ या नियमावलीचे सूत्र स्पष्ट आहे: बँका कागदांशी व्यवहार करतात, मालाशी नाही. ग्राहकाच्या गोदामात सोन्यासारखा माल पडला असला तरी कागदात विसंगती असेल तर बँक पैसे रोखू शकते. आणि बाजारभाव पडलेला असेल तर तोच ग्राहक त्या विसंगतीच्या आडून दर कमी करून मागतो. चूक एका आकड्याची. मोजावी लागणारी किंमत हजारो डॉलरची.

वर्गीकरणाचे तसेच. जगभरच्या सीमाशुल्क खात्यांनी मालाला सहा आकडी सामाईक क्रमांक दिले आहेत. भारत त्यापुढे आणखी दोन आकडे जोडतो. ताज्या द्राक्षांचा क्रमांक ०८०६.१०, तर वाळवलेल्या द्राक्षांचा, म्हणजे तासगावच्या बेदाण्याचा, ०८०६.२०. फरक एका आकड्याचा आहे. पण शुल्क, परवाने आणि तपासण्या त्यावरच ठरतात. हा क्रमांक ‘मागच्या वेळी जो टाकला तोच टाका’ असे एजंटाला दूरध्वनीवर सांगून ठरवायचा नसतो. आयात करणाऱ्या देशात तो काय मानला जातो, हे ग्राहकाकडून लेखी मागवून घ्यावे लागते.

बंदराच्या हिशेबात दिवसालाही किंमत असते. कंटेनर वापरण्याचे आणि बंदरात ठेवण्याचे ठरावीक दिवस विनामूल्य असतात. त्यानंतर दरदिवशी आकार चढत जातो. मूळ बिल ऑफ लेडिंग कुरिअरने ग्राहकापर्यंत पोहोचण्याआधी जहाज पोहोचले, तर माल सोडवता येत नाही आणि त्या आकाराचा मीटर चालू राहतो. कागद आधी, माल नंतर, हा क्रम पाळणाऱ्याला ही झळ लागत नाही.

विम्याचा भ्रम

सर्वांत महागडी चूक मात्र विम्याची. “जहाज कंपनी जबाबदार आहेच की,” असे म्हणून विमा टाळणारे कमी नाहीत. सागरी वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार जहाज कंपनीची जबाबदारी मर्यादित असते. मालाची किंमत कागदावर जाहीर केली नसेल, तर दर नगामागे ६६६.६७ किंवा दर किलोमागे २ विशेष आहरण अधिकार यांतील जी रक्कम अधिक तीच तिची कमाल. विशेष आहरण अधिकार हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक आहे. शिवाय वरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना तीन दिवसांत द्यावी लागते आणि दावा एका वर्षात दाखल करावा लागतो. ग्राहकाने ‘नंतर बघू’ म्हणत महिना घालवला, तर हाती काही उरत नाही.

मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज आडवे अडकले, तेव्हा जगाचा व्यापार सहा दिवस कोंडला. त्या जहाजावरील पंचवीसही खलाशी भारतीय होते, हे अनेकांना आठवत असेल. पुढे काय झाले हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात नाही. जहाजाच्या मालकाने ‘जनरल ॲव्हरेज’ जाहीर केले. जहाज व माल वाचवण्यासाठी आलेला असाधारण खर्च त्यावरील सर्व मालधन्यांनी आपापल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यावा, असा हा सागरी व्यापाराचा प्राचीन दंडक आहे. ज्यांचा विमा होता त्यांच्या वतीने विमा कंपन्यांनी हमी दिली. ज्यांचा नव्हता त्यांना स्वतःचा, किंचितही न बिघडलेला माल सोडवण्यासाठी आधी रोख अनामत ठेवण्याची वेळ आली. आणि हे दूरच्या समुद्रातच घडते असे नाही. २५ मे २०२५ रोजी ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज ६४० कंटेनरसह केरळच्या किनाऱ्याजवळ बुडाले.

विमा घेतला म्हणजे सारे भागले, हा दुसरा भ्रम. ‘सीआयएफ’ अटीत विक्रेत्यावर किमान संरक्षणाचाच विमा उतरवण्याचे बंधन आहे. ओलावा, चोरी, फुटतूट यांसाठी व्यापक विमा वेगळा मागावा लागतो. आणि विलंबाने होणारे नुकसान नेहमीच्या मालविम्यात बसतच नाही. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपकडे जाणारी जहाजे आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालू लागली. त्यामुळे २०२४ च्या हंगामात नाशिकच्या द्राक्षांचा प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. त्या दिवसांची भरपाई कोणतीही साधी पॉलिसी देत नव्हती. ज्यांनी टिकाऊ माल निवडून, योग्य वेळी काढून, नीट थंड करून भरला होता त्यांचा माल तरला.

खोक्यातील शास्त्र

येथे शीतकंटेनरविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. असा कंटेनर माल थंड करीत नाही. थंड माल थंड ठेवतो. बागेतून आलेली कोमट द्राक्षे प्रीकूलिंग न करता भरली तर शून्य अंशावर लावलेले यंत्रही ती वाचवू शकत नाही. तेच शून्य अंश हापूसला लावले तर थंडीनेच त्याची साल काळवंडते. त्याला तेरा अंशांच्या आसपास ठेवावे लागते. छतापर्यंत कोंबून माल भरला तर हवा फिरायला वाट राहत नाही. कंटेनरच्या आतल्या भिंतीवरील लाल रेषा त्यासाठीच आखलेली असते.

साध्या कंटेनरमधून जाणाऱ्या हळद, बेदाणा किंवा सोलापुरी चादरीची वैरीण म्हणजे आतली आर्द्रता. रात्री पत्रा थंड होतो, हवेतील बाष्पाचे थेंब छताला धरतात आणि मालावर टपकतात. ओल्या लाकडाची फळी आत गेली की हे संकट दुप्पट होते. लाकडाविषयी तर जागतिक नियमच आहे. खोकी व पॅलेटचे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमानाला ३० मिनिटे तापवलेले किंवा अन्य मान्य पद्धतीने निर्जंतुक केलेले असावे आणि त्यावर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह असलेला अधिकृत शिक्का असावा. हा शिक्का नसल्यामुळे आतला निर्दोष माल बाहेरच्या फळीपायी परत जाऊ शकतो. तसेच १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवला जात नाही. अंदाजे वजन लिहिणे ही आता गफलत राहिलेली नाही, तो नियमभंग आहे.

या साऱ्यात खोटी किंवा अर्धवट माहिती लिहिणे हा सर्वांत गंभीर प्रमाद. शुल्क वाचवायला किंमत कमी दाखवणे, भाडे वाचवायला रसायनाला साधे नाव देणे, हे ‘सगळेच करतात’ म्हणून क्षम्य ठरत नाही. धोकादायक मालाची एक गळती काय करू शकते ते २०२१ साली कोलंबोजवळ दिसले. ‘एक्स-प्रेस पर्ल’वरील एका कंटेनरमधून नायट्रिक आम्ल गळत होते, वाटेतील बंदरांत तो उतरवून घेतला गेला नाही. अखेर जहाज पेटले, बुडाले आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यावर प्लॅस्टिकच्या कणांचा थर साचला. तेथील कोळ्यांचा त्या मालाशी काडीचाही संबंध नव्हता.

घराघरांतला निर्यातदार

हा विषय केवळ व्यापाऱ्यांचा आहे असे मानण्याचे कारण नाही. दिवाळीत मुलाला, लेकीला परदेशी फराळ पाठवणारे प्रत्येक मराठी घर हे त्या आठवड्यापुरते निर्यातदारच असते. चुकाही त्याच. खोक्यावर नुसते ‘खाद्यपदार्थ’ लिहायचे. खोके हलके आहे म्हणून भाडे कमी पडेल असे समजायचे. प्रत्यक्षात मोठ्या पण हलक्या खोक्याचे भाडे आकारमानावर लागते, म्हणून चिवडा पाठवणाऱ्याला हवेचेही पैसे मोजावे लागतात. युरोपात पेढे-बर्फीसारखे दुग्धजन्य पदार्थ पार्सलने पाठवता येत नाहीत, हे पुष्कळांना खोके जप्त झाल्यावरच कळते. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली शुल्कमाफी काढून घेतली, तेव्हा भारतीय टपाल खात्याला तिकडची बहुतांश सेवा थांबवावी लागली. ती १५ ऑक्टोबरपासून पूर्ववत झाली. नियम असे रातोरात बदलतात. पाठवण्यापूर्वी विचारणे हाच त्यावरचा एकमेव उपाय.

नियम की अडसर?

एक आक्षेप येथे हमखास घेतला जातो. पाश्चात्त्य देशांचे हे नियम म्हणजे आपला माल रोखण्याचे छुपे अडसर आहेत, असे म्हटले जाते. या म्हणण्यात तथ्य मुळीच नाही असे नाही. अडसर असेल तर त्याविरुद्ध दाद मागण्यासाठी जागतिक व्यापार संघटनेचे व्यासपीठ १९९५ पासून उपलब्ध आहे आणि भारताने तेथे ठामपणे उभे राहिलेच पाहिजे. परंतु परकी कीड आपल्या शेतात येऊ नये म्हणून भारतानेही २००३ साली वनस्पती संगरोधाचा आदेश काढून आयातीवर कडक अटी घातल्या आहेत, आणि त्या योग्यच आहेत. जो न्याय आपल्या शेताला, तोच दुसऱ्याच्या शेताला. वाद धोरणाच्या पातळीवर घालायचा असतो. बंदरावर उभ्या असलेल्या कंटेनरला मात्र निषेधाचे पत्रक सोडवत नाही, अचूक कागदच सोडवतो.

सोपारा, कल्याण, चौल या बंदरांतून दोन हजार वर्षांपूर्वी माल सातासमुद्रापार जात होता. ५ एप्रिल १९१९ रोजी सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सिंधिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले, आणि परकी मक्तेदारीला स्वदेशी जहाजाने आव्हान दिले. या परंपरेचा अभिमान जरूर बाळगावा. पण परक्या बंदरातील सीमाशुल्क अधिकाऱ्याला परंपरा दाखवता येत नाही. त्याच्यापुढे ठेवावा लागतो तो एक कागद, आणि त्या कागदावर खाली लिहिलेले असते ‘भारत’. तो कागद चुकला की प्रश्न एका व्यापाऱ्यापुरता राहत नाही.

यावर उपाय अवघड नाहीत, दुर्लक्षित आहेत. आज तालुक्या-तालुक्यांत शेतकरी उत्पादक कंपन्या उभ्या राहत आहेत. त्यांचे संचालक पीक जाणतात, पण ज्या बिल ऑफ लेडिंगवर सही करायची त्याची इंग्रजी कलमे त्यांना कोणी समजावून सांगितलेली नसतात. संज्ञा, वर्गीकरण, विमा आणि वेष्टन यांची सुबोध मराठी पुस्तिका प्रत्येक बाजार समितीत आणि सहकारी बँकेत का असू नये? वाणिज्य महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांना वर्षातून चार दिवस न्हावा शेवा येथे नेऊन प्रत्यक्ष कागदपत्रे का दाखवू नयेत? अनुभवी निर्यातदारांनी आपली फसलेली खेप लपवण्याऐवजी नवख्यांना सांगितली, तर तीच त्यांची मोठी समाजसेवा ठरेल. आणि प्रत्येक लहान निर्यातदाराने एक शिस्त स्वतःला लावून घ्यावी. एजंट कितीही विश्वासू असो, माल निघण्यापूर्वी नाव, वजन, संख्या, क्रमांक आणि तारीख हे पाच रकाने प्रत्येक कागदावर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवून पाहावेत. त्यासाठी अर्धा तास लागतो.

हापूसचे झाड फळावर यायला वर्षे लागतात, मोहोर टिकवायला रात्री जागाव्या लागतात. त्या साऱ्या वर्षांच्या वतीने हा अर्धा तास खर्च करायचा असतो.